लाल पट्ट्यांच्या सक्तीतून प्रांजलच्या गाडीला सूट मिळण्याबाबत

दि. ४ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. सुरक्षा प्रमुख,
उगवती हौशी मोटारचालक मंडळ,
मुलुंड (पूर्व), मुंबई.

अर्जदार : दत्ताराम गोविंद पेडणेकर, निवृत्त शिक्षक, भांडुप (पश्चिम).

विषय : घरच्या गाडीचा मूळ सीटबेल्ट काढून लाल पट्टे बसवण्याच्या सक्तीतून सूट मिळण्याबाबत.

संदर्भ : मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरील आपली सूचना व तिच्यापुढील ज्वाळेचे चित्र.

महोदय,

१. अर्जदाराची कन्या प्रांजल विक्रोळीला नोकरी करते. ज्या गाडीने ती रोज कामावर जाते, तीच गाडी येत्या रविवारी मंडळाने भाड्याने घेतलेल्या शर्यतीच्या ट्रॅकवर वेगाने चालवून पाहण्याची तिची फार इच्छा आहे. हायवेवर वेग काढण्यापेक्षा हे शहाणपणाचे, असे अर्जदाराचेही मत आहे.

२. मंडळाच्या सभेत सुरक्षा साधनांची निवड झाली, तेव्हा अर्जदार मागच्या खुर्चीवर हजर होता. गोविंदा पथकाचे टी-शर्ट ठरवावेत तशी ही निवड झाली. प्रथम रंग ठरला. मग स्टेशनबाहेरच्या बॅनरवर सगळे चालक एकसारखे दिसावेत म्हणून दोन्ही खांद्यांवरून येणारे लाल पट्टे सक्तीचे झाले. फोटोत काळा बेल्ट मध्ये येतो, म्हणून मूळ बेल्ट काढण्याचे ठरले. पट्ट्यांची मागची टोके गाडीत कशाला बांधायची, असे प्रांजलने विचारले असता, "ताई, टेन्शन नको घेऊस, मिळेल तिथे अडकव, झकास दिसेल," असे उत्तर आपण दिलेत. टाळ्याही पडल्या.

३. अर्जदार इमारतीतल्या मुलांना संध्याकाळी विज्ञान शिकवतो. मुलांनी लाकडी गाडीत मातीची बाहुली बसवली, तिला आपल्या सूचनेप्रमाणे पट्टे बांधले आणि गाडी भिंतीवर सोडली. चौथीतली श्रुतिका म्हणाली, "आजोबा, बाहुली खाली घसरली आणि पट्टा पोटात घुसला!" तेव्हा अर्जदाराने समजावले की मूळ बेल्ट, सीट आणि एअरबॅग एकमेकांच्या भरवशावर बनवलेली असतात. शर्यतीचे पट्टे लावायचे तर त्यांच्याजोगी सीट, बांधायला भक्कम लोखंडी चौकट, मानेला आधार, असे सगळेच लागते. अर्धवट बदल हा काहीच न बदलण्यापेक्षा वाईट. मुलांना हे पहिल्या खेपेस समजले.

हाच प्रयोग आपल्याला दाखवला असता, "काका, ती मातीची आहे हो," असे आपण म्हणालात. प्रांजल लोखंडाची असल्याचा दाखला अर्जदाराकडे नाही.

४. शिवाय गणपतीच्या मंडपातली आग विझवायची नळकांडी गाड्यांत रिबिनीने बांधावीत, असेही आपले म्हणणे आहे. जोरात ब्रेक दाबताच नळकांडे सुटून चालकाच्या पायाशी येईल. आगीची सोय होईल; ब्रेक मात्र पुन्हा दाबता येणार नाही.

५. प्रांजल आधी, "बाबा, जाऊ दे ना, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," म्हणत होती. काल ती स्वतः पट्टे लावून बसली, उठली आणि म्हणाली, "असं नाही जाणार मी. पण मला जायचंय." हा अर्ज त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

६. तरी मूळ बेल्ट, चालू एअरबॅग, पूर्ण चेहरा झाकणारे चांगले हेल्मेट, नवे ब्रेक पॅड आणि आत एकही सुटी वस्तू नसलेली गाडी, एवढ्यावर तिला ट्रॅकवर उतरू द्यावे. बॅनरची अडचण असल्यास उभ्या गाडीत लाल पट्टे अंगावर घेऊन फोटो काढून देण्यास ती तयार आहे. फोटोला हार घालावा लागण्यापेक्षा फोटोपुरते पट्टे घालणे बरे.

७. अर्ज नामंजूर झाल्यास प्रांजल गाडी आणणार नाही. मात्र अर्जदाराचा अख्खा वर्ग रविवारी ट्रॅकवर येईल आणि आपण प्रत्येक चालकाला पट्टे बांधत असताना शेजारी उभा राहील. "हे असं का?" हा प्रश्न मुलांनी मोठ्याने विचारावा, असेच अर्जदाराने त्यांना आजवर शिकवले आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

रविवारपूर्वी लेखी उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
द. गो. पेडणेकर