पाकिटातलं नाव

११ फेब्रुवारी १९५७, सोमवार

चौथा महिना!

मी डॉक्टरांकडे गेले होते ते पाळी जायच्या वयाची औषधं मागायला. त्रेचाळीस पूर्ण झाली, पाळी थांबली, कंबर जड झाली – आणखी काय असणार? त्यांनी दोनदा तपासलं, हात धुतले आणि खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, "बाई, तुम्ही समजताय ते हे नाही. तुम्हाला दिवस गेलेत."

मी हसले. मग रडले. मग टोपी घालून चालत घरी आले. कालव्याच्या कडेने, वारा तोंडावर घेत.

आज लूर्दच्या मरियामाउलीचा सण. हिशेबाने मी आधी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावायला हवी होती. पण पहिल्यांदा डोळ्यांपुढे आला तो माउलीचा चेहरा नव्हता, बाळाचाही नव्हता. सासूबाईंचा होता. हे ऐकल्यावर तो कसा होईल, तेच वाटभर बघत आले.

१२ फेब्रुवारी

सिरीलला सांगितलं, तू बाप होणार. तो भट्टीतून पाव काढत होता. लांब फळी हातात तशीच धरून मैद्याच्या पोत्यावर बसला. मग म्हणाला, "अगं, आईला सांगून येतो."

म्हटलं, खबरदार. ते मी सांगणार.

१७ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

आमची बेकरी. गावात कुणाचं बारसं असलं – म्हणजे बाप्तिस्मा – की वाटायचे साखरबदाम आमच्याकडूनच जातात. मुलगी असली तर गुलाबी, मुलगा असला तर निळे. गेली एकोणीस वर्षं त्या कागदी पुड्या मी बांधते, रिबिनी मी लावते. दुसऱ्यांच्या पोरांच्या! आणि प्रत्येक बाप्तिस्म्यानंतरच्या रविवारी म्हातारी एक बदाम माझ्या ताटलीत ठेवते. "खा. कधीतरी गुण येईल." पाहुणे असले तर जरा मोठ्याने.

आज ठेवला, तो मी बोटाने सरकवून तिच्या ताटलीत टाकला. म्हटलं, आई, आता हा तुम्हीच खा. पुढच्या पुड्या आपल्या घरच्या. जुलैत.

सूपचा चमचा वाटीत पडला. त्या आवाजासाठी मी एकोणीस वर्षं थांबले होते!

पण म्हातारी ती म्हातारीच. तोंड पुसून म्हणाली, "या वयात? गाव हसेल." आणि चीज कापता कापता सगळं ठरवूनही मोकळी झाली. मुलगा झाला तर सासऱ्यांचं नाव. मुलगी झाली तर रीतीप्रमाणे आईची आई धर्ममाता व्हायची आणि तिचं नाव द्यायचं. पण "हिची आई तर कधीच गेली, म्हणजे धर्ममाता मीच". म्हणजे नाव तिचंच, एमेरान्स.

मी बटाटे वाढत राहिले.

२ मार्च

आज सकाळी पुड्यांचा कागद कापताना ते सगळं पुन्हा आठवलं. अकरा वर्षं झाली. धाकट्या दिराच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा. घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी बाळ माझ्या हातात दिलं. किती ऊन होतं त्याचं डोकं, आणि त्याला दुधाचा आणि साबणाचा वास येत होता. म्हातारी टेबलाच्या पलीकडून आली आणि उचलून घेऊन गेली. "तिच्याकडे नको. कोरड्या हातात पोर किरकिरतं."

ते किरकिरत नव्हतं. झोपलं होतं.

मी दुकानात जाऊन उरलेल्या पुड्या बांधल्या. तीनशेच्या वर होत्या. एकही गाठ सैल पडू दिली नाही.

त्या दिवशी मी सूड मागितला होता. देवाने फार उशिरा ऐकलं, पण ऐकलं.

१९ मार्च, संत जोसेफ

हाललं! दुकानात राय धान्याचा काळा पाव कापत होते. आतून कुणीतरी बोट लावावं तसं. सुरी खाली ठेवली. गिऱ्हाइकाने विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, फार बरं वाटतंय.

दिवसभर कॉन्व्हेंटची आठवण येत होती. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तिथून पुढची अकरा वर्षं सिस्टर बेनेडिक्टा हीच माझी आई. लेस विणायला तिने शिकवलं. उशीवर टाचण्या, हातात लाकडी चाती, खिडकीतून ब्रुज शहरातली घंटा, आणि ती संतांच्या गोष्टी सांगायची. आम्हाला सगळ्यांत आवडायची संत गोदलीव्हची. इथलीच, आपल्याच मातीतली. सासूने तिला उपाशी ठेवलं, शेत कावळ्यांपासून राखायला लावलं. गोदलीव्ह चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला जायची आणि कावळ्यांना सांगायची, मी येईपर्यंत कोठारात बसा. ते बसायचे! शेवटी त्या घरच्यांनी तिचा गळा आवळून तिला पाण्यात टाकलं. आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, गोदलीव्ह म्हणजे सासूने छळलेली सून. सुना अजून तिच्या विहिरीचं पाणी आणायला जातात. कशासाठी, ते कुणी विचारत नाही.

तिचा सण जुलैत. माझे दिवसही जुलैतच भरतात.

सगळं अगदी शांतपणे सुचलं. लेसमध्ये पुढची टाचणी कुठे मारायची ते दिसतं ना, तसं.

२० मार्च

मुलगी झाली तर गोदलीव्ह.

मुलगीच होणार.

८ एप्रिल

बाप्तिस्म्याला आई नसते, हीच खरी अडचण. पोर जन्मलं की दुसऱ्याच दिवशी चर्चमध्ये नेतात. बाळंतीण चाळीस दिवस घरात. मग ती दारात मेणबत्ती घेऊन उभी राहते, फादर आशीर्वाद देऊन तिला आत घेतात, तोपर्यंत तिला देवळाची पायरी बंद. म्हणजे बाळाला हातात धरणार म्हातारी, फादर नाव विचारणार म्हातारीला, आणि मी इथे पलंगावर. सिरील? आईपुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. चांगला आहे तो. पावासारखा मऊ.

म्हणून आज फादरांकडे गेले. सगळं लिहून, पाकिटात घालून, चिकटवून. सांगितलं, मुलगी झाली तर हेच नाव, कुणी काही म्हटलं तरी. त्यांनी विचारलं, कुठलं? मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "सुंदर नाव आहे. पण का, बाई?"

म्हटलं, जुलैत तिचाच सण असतो ना, फादर.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग विचारलं, ईस्टर जवळ आला, कन्फेशनला कधी येताय? म्हटलं, येईन. गेले नाही. द्वेषाचं पाप सांगितलं की ते सोडावंही लागतं. बाप्तिस्मा झाल्यावर सांगेन.

२२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

म्हातारीने बाळाच्या टोपीवर 'ए' भरायला घेतलाय. मला विचारलं, टाका बारीक आलाय का? मी म्हटलं, फारच सुरेख. वर माझ्या डब्यातला रेशमी दोरा काढून दिला.

९ मे

पाय सुजलेत. चपला घालता येत नाहीत, सिरीलचे जुने लाकडी बूट घालते. दुकानात म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेताने गिऱ्हाइकांना सांगते, "आमच्याकडे आजी आणि आई एकाच वयाच्या." बायका हसतात. मीही हसते. मोजून मोजून हसते.

मी उचलायच्या आत कोळशाची बादली उचलते ती, हे मात्र खरं. सकाळी खारकांचं दूध आणून ठेवते, पिईपर्यंत समोर उभी राहते. एमेरान्ससाठी करते हे सगळं. आपल्या नावाला खाऊ घालतेय.

पिते मी. मुकाट्याने पिते.

३० मे

आज चर्चमधलं सगळं आतल्या आत बघून झालं. फादर पाकीट उघडणार. धाकटा दीर, त्याची बायको, सगळी आळी उभी. फादर वाचणार – गोदलीव्ह. आणि मग मान वळवून वळवून लोक म्हातारीकडे बघणार. कुणी एक शब्द बोलणार नाही. बोलायची गरजच नाही. तिला स्वतःच्या तोंडाने ते उच्चारावं लागणार आणि पुढे जन्मभर त्याच नावाने हाका मारायच्या. जेवायला ये गं, गोदलीव्ह.

बाळ लाथ मारतं तेव्हा वाटतं, तिलाही घाई झालीय.

सिस्टर बेनेडिक्टा असती तर? तिने काही म्हटलं नसतं. नुसती माझी वीण उसवून दिली असती, पहिल्यापासून विण म्हणून.

१८ जून

डॉक्टर रागावले. रक्तदाब फार चढलाय. मीठ बंद, जिना बंद, पडून राहायचं. सिरीलला बाहेर नेऊन काहीतरी बोलले. आत आला तेव्हा तो माझ्याकडे बघेना. मी विचारलं, काय म्हणाले? म्हणाला, "काही नाही गं. विश्रांती घे म्हणाले." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. याला खोटं बोलता येत नाही.

भीती वाटते. इथे लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार?

तिला हातात तरी घ्यायला मिळू दे. एकदा.

२७ जून

डोळ्यांपुढे काजवे. पोटात कळा सुरू. दोन आठवडे आधीच. पाकीट फादरांकडे आहे, माझं काही झालं तरी

२५ जुलै

महिन्याने हातात पेन धरतेय. अक्षर बघा कसं झालंय.

मुलगी आहे. केस काळे. वरचा ओठ सिरीलचा. मी तिला हातात घेतलं आणि ती किरकिरली नाही.

मला काही आठवत नाही. सुईण मथिल्ड सांगते, तीन दिवस मी शुद्धीत नव्हते. झटके येत होते. डॉक्टर म्हणाले, फादरना बोलवा. त्यांनी कपाळाला तेल लावून शेवटचे संस्कार केले. शेजारच्या बायका पलंगाशी जपमाळ म्हणत होत्या. सिरीलने काळा कोट बाहेर काढून झटकून ठेवला होता म्हणे.

आणि मी उठले! आधी पाणी मागितलं, मग विचारलं, गोदलीव्ह कुठे आहे? मथिल्डने पाणी दिलं. आणि बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत बसली.

२६ जुलै

सगळे तिला "बाळ" म्हणतात. सिरील तर "ती" म्हणतो. मी म्हटलं, तिचं नाव घे ना. तो म्हणाला, भट्टी बघून येतो. दुपारी भट्टी कुठली!

म्हातारी दिसत नाही. खालून तिची पावलं ऐकू येतात. जिन्यापर्यंत येतात आणि परत जातात. लाज वाटत असणार. म्हणजे बाण लागला.

२८ जुलै, रविवार

आज सिरीलला पलंगावर बसवलं, मनगट धरलं. बोल म्हटलं.

बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशीच झाला. मी इकडे शेवटचे श्वास मोजत होते आणि ते सगळे तिकडे चर्चमध्ये. फादरांनी पाकीट उघडलं, वाचलं – गोदलीव्ह. मी मनात बघितलं होतं तसंच झालं सगळं. लोकांनी म्हातारीकडे मान वळवली. धाकट्या जावेने तोंडावर हात ठेवला. म्हातारी पांढरी पडली. तिला पुरतं कळलं होतं, सिरील म्हणाला.

"मग?"

"मग ती म्हणाली, नाही. फादर म्हणाले, आईने लिहून दिलंय. तर ती म्हणाली, जगणार होती तेव्हा लिहिलंय. बाळंतपणात आई गेली तर पोरीला आईचं नाव देतात, तेच द्या. इर्मा."

"आणि तू?"

"मी रडत होतो गं. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेतही तेच लिहून आलो."

त्याला खाली पाठवलं. दार लावायला सांगितलं.

जिवंतपणी पुरलं मला! श्वास चालू होता माझा, आणि हिने माझं नाव काढून दुसरीला दिलं. एकोणीस वर्षं विणलेलं एका शब्दात उसवलं. आता मी काही म्हणूही शकत नाही. काय म्हणू? माझं नाव दिलं म्हणून तक्रार करू?

३० जुलै

झोप नाही, भूक नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरते. पाकीट उघडल्यावर, एवढा अपमान झाल्यावर, तिने "एमेरान्स" म्हटलं असतं तर कोण अडवणार होतं? मी तर मेलेच होते. नाव सांगणारी तीच होती.

का नाही म्हटलं?

मला तिचे उपकार नकोत. तिचा द्वेष मला पाठ होता. त्याला धरून मी उभी होते.

५ ऑगस्ट

दुपारी दार थोडं उघडं होतं. खाली दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पाळण्याची करकर ऐकू येत होती. मग म्हातारीचा आवाज, अगदी हळू, कुणी ऐकू नये असा. "इर्मा."

थोड्या वेळाने पुन्हा. "इर्मा, ऐकतेस का गं?"

एकोणीस वर्षांत या बाईने मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही.

मी ओ दिली.