होल्ड म्हणजे आधी हात

प्रिय भाईकाका,

काल तुमची होडी तोंडवलीच्या किनाऱ्यावरून पाहुण्यांना घेऊन पुन्हा निघाली. तुमच्या जागी मी होतो. कसं झालं ते तुम्हालाच सांगायला हवं, म्हणून लिहितोय. शुद्धलेखन दोनदा तपासलंय. हसू नका!

तुमच्या लेकीने, वैजूताईने आधीच सांगितलं होतं, "तुका जमला तर ठेवूया, नाय तर होडी विकूया." रात्रभर इंग्रजी वाक्यं पाठ करत होतो.

आठवीत शाळा सुटलेल्या मला तुम्ही इंग्रजी शिकवलंत, तेही होडी ढकलता ढकलता. 'होल्ड'चा अर्थ लिहायला मी पेन काढलं, तर केवढे ओरडलात! "लिवतंस कित्याक? धर!" आणि दोर हातात दिलात. होल्ड द रोप. मग कंबरभर पाण्यात उभं करून, लाटा अंगावर घेत होडी धरायला लावलीत. होल्ड द बोट. श्वास रोखायचा होल्ड तर माझं डोकं पाण्यात दाबूनच शिकवलात. जरा सांगून तरी दाबायचं होतं ना, काका?

'ही होडी आठ माणसं होल्ड करते', म्हणजे तिच्यात आठच मावतात. नववा कितीही गयावया करो, तुम्ही त्याला हसत किनाऱ्यावरच ठेवायचात. तो अर्थ तुमच्याइतका कुणी पाळला असेल?

आणि तुमची ती फजिती! आपण कठडाही 'धर' म्हणतो आणि फेकलेला नारळही 'धर'च म्हणतो. तरुणपणी होडी हेलकावली तेव्हा एका पाहुण्याला कठडा धरायला सांगताना तुम्ही "कॅच, कॅच!" म्हणालात. बिचाऱ्याने झेलायला दोन्ही हात वर केले आणि बसला थेट माशांच्या टोपलीत. सगळे त्याला हसले, तुम्ही नाही. "त्येचा काय चुकला रे? मी शब्द दिलंय, हात खंय दिलंय?" तेव्हापासून तुमचा नेम: आधी हात द्यायचा, मग शब्द.

काल एका वयस्क परदेशी बाईंनी होडीत पाय टाकायला उचलला आणि तशाच थिजल्या. माझं एकही वाक्य आठवेना. आता या परत जाणार आणि होडीही जाणार, असंच वाटलं. पण माझा हात पुढे गेला होता, काका! शब्द मागून आला. "होल्ड." त्यांनी हात धरला, चढल्या, बसल्या, तरी सोडेनात.

वैजूताई किनाऱ्यावरून ओरडली, "सोड रे हात! इंजिन काय आता बाबा येवन सुरू करतले?"

आणि बोलून झाल्यावर तीच पाठ फिरवून दोर गुंडाळायला लागली.

परत आलो तेव्हा तिने पाण्यात उतरून होडी धरली, अगदी तुमच्यासारखी. म्हणाली, "उद्या लवकर ये. पाहुणे आसत."

माझी परीक्षा न घेताच गेलात, हे मात्र बरं केलं नाहीत. तरी शब्द देतो: नववा माणूस घेणार नाही. आणि हा शब्द देताना, बघा, हात आधीच होडीवर ठेवलाय.

तुमचा,
नित्या