सुलतानचा काळापांढरा फोटो

मंगळवार, संध्याकाळ. घनसावंगी.

डोकं अजून तापलेलंच आहे. वहिनीनं घरच्या कुत्र्याचा, सुलतानचा, मोबाईलवरचा फोटो चांगला करून मागितला. मागं खताची पिवळीधमक गोणी. नजर सगळी त्या गोणीवरच, कुत्रा दिसतच न्हाई. मी स्टुडिओत बसून सगळे रंग काढून टाकले. गोणी अंधारात ढकलली, डोळ्यांवर उजेड वाढवला. तोंडावरचा केस न् केस उठून आला. असा फोटो या तालुक्यात कोणी करून दाखवावा!

घरच्या ग्रुपवर टाकला, तर आमचे रिकामटेकडे काका लिहितात काय, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मंग काय, हात जोडणाऱ्यांची रांगच लागली. एकानंही फोटो नीट पाहिला न्हाई. आणि मी तरी? गेलेल्या माणसांचे काळेपांढरे बॅनर वर्षभर मीच करतो. मला हे सुचू नये?

लगेच वहिनीचा फोन. “भाऊजी, जित्या जनावराला मारून टाकलं की तुम्ही! रंग टाका परत, जल्दी.”

“अहो, त्या गोणीपायी कुत्रा दिसत न्हाई.”

“न्हाई दिसला तर न्हाई. तुमच्या फोटोत त्याचं तोंड वयानं किती पांढरं झालंय ते दिसतं.”

फोन ठेवला. रागारागात रंग परत टाकले. गोणी पुन्हा पिवळीधमक. काकांचा लगेच अंगठा, ‘आता कसा जवान दिसतो!’

काळापांढरा मात्र डिलीट केला न्हाई. लागणार आहे.