दारापेक्षा मोठं कल्याण

कोपर, डोंबिवली पश्चिम

प्रिय सलिल,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून आधी घाबरला असशील. घाबरू नकोस, माणसं सगळी जागच्या जागी आहेत. शालनवहिनीला आता या वयात ठाण्याला पोस्टाने पत्र पाठवायचं काय सुचलं, असंही वाटलं असेल. अरे, दोन खोल्यांच्या घरात फोनवर काही बोलायचं म्हणजे शेजारणीच्या आधी नवऱ्याला कळतं, आणि हे तुझ्या महेंद्रदादांना कळून चालणार नाही. ते गॅलरीत पेपर वाचतायत. मी ओट्यावर कागद ठेवून, कुकर लावल्याचं निमित्त करून लिहितेय. मध्येच अक्षर वाकडं झालं तर समजून घे.

तर बातमी अशी, की आमची बिल्डिंग अखेर रिडेव्हलपमेंटला गेली. इतकी वर्षं नुसत्या मीटिंगा आणि चहा चालला होता, आता खरंच सह्या झाल्या. महिनाअखेर घर रिकामं करायचंय. विठ्ठलवाडीला भाड्याची जागा घेतलीय, तळमजला आहे, बरी आहे. भांडी बांधून झाली, गाद्या झाल्या, पुस्तकं झाली. राहिलीय ती आतली खोली. तिथे तुम्हा दोघांनी पाटावर मांडलेलं छोट्या रेल्वेचं कल्याण स्टेशन अजून तसंच पसरलंय. यार्ड, लोकोशेड, कसाऱ्याकडे आणि कर्जतकडे फुटणाऱ्या लायनी, सगळं. सामान नेणारी माणसं बघायला आलेली. त्यांनी टेप लावला, मग दाराला लावला, मग एकमेकांकडे बघितलं. त्यातला एक मला विचारतो, काकू, एवढं मोठं आत कसं आणलंत? म्हटलं, आणलं नाही रे बाबा, आतच जन्माला आलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, आमचं बिऱ्हाड दारातूनच बाहेर पडेना!

तुला आठवतंय ना, तू तेव्हाच म्हणालेलास की तुकड्यातुकड्यांत करू. जगभरचे मॉडेलवाले तसंच करतात, जोड ठेवतात, उद्या घर बदललं तर उचलता येतं. पण दादांचं आपलं एकच, जोड आला की फट आली, फट आली की चाक उडणार. मग तुम्ही प्लायवूडचे तक्ते उभे करून आत आणलेत आणि खोलीतच ठोकून अखंड पाट केलात. एवढे हुशार दोघं, पण ठोकताना एकालाही आठवलं नाही की दाराची चौकट काही रबराची नाही. मला तर कुणी विचारलंच नाही. मी तेव्हा चहा देत होते.

आता दोनच गोष्टी होऊ शकतात. पाट मधोमध कापून दोन भागांत न्यायचा, नाहीतर इथेच सोडायचा आणि बिल्डरची माणसं भिंतींबरोबर तोही पाडतील. दादा म्हणतात, कापायचा नाही. मग काय करायचं, विचारलं तर पेपर उघडतात. आमची प्रियांका पुण्याहून फोनवर सांगते, आई, छान फोटो काढून ठेव आणि सोडून दे. तिला काय जातंय सांगायला. मी जन्मभर त्या पाटाला सवत म्हटलं, फडकं मारताना शिव्या घातल्या, पण तिच्यावर घण पडलेला मला बघवायचा नाही. खरं सांगते सलिल, त्या विचारानेच मला रडू येतं.

काल आवरताना फोटो सापडला, कोपरच्या वरच्या फलाटावरचा. वसईच्या लायनीवरून काहीतरी विचित्र इंजिन जाणार म्हणून दादांनी मला भर दुपारी उन्हात नेऊन उभं केलं होतं. लग्नाचा वाढदिवस होता आमचा, ऐक! आणि तिथे आणखी एक वेडा गळ्यात कॅमेरा अडकवून उभा. मी मनात म्हटलं, चला, एक नग कमी होता. मग ती मालगाडी आली आणि उघड्या वाघिणीवर साखळदंडांनी बांधलेलं ते इवलंसं वाफेचं इंजिन गेलं. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखत नव्हतात आणि एकमेकांचे हात धरून ओरडत होतात. ते कुठून आलं, कुठे गेलं, यावर पुढे तुमची किती भांडणं झाली. त्या दिवशी तू आमच्याकडे जेवलास तो घरचाच झालास. दादांना धाकटा भाऊ नव्हता. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण तुझ्यासाठी मटणाचा रस्सा करायला मला तेच आठवण करायचे.

आणि ते दोन करंटवर चालणारं इंजिन! आपल्या इथे तेव्हा डीसी, पुढे एसी, आणि मधे इंजिन न बदलता दोन्हीवर धावणारं ते धूड दादांचं फार लाडकं. त्यांचे वडील कल्याणच्या शेडमध्ये फिटर होते ना, म्हणून ते घरातलं माणूस असल्यासारखं बोलायचे त्याच्याबद्दल. त्याचं मॉडेल बाजारात मिळेना, तेव्हा प्लॅस्टिकच्या पत्र्यातून बॉडी कापली आणि टपावरचा, वरच्या वायरीला टेकणारा पँटोग्राफ माझ्या साडीच्या पिनांचा केला. एका लग्नाला निघाले तर घरात पीन नाही! लग्नभर पदर हातात धरून वावरले मी. पण इंजिन असं देखणं झालं होतं, की मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, ह्या माझ्या पिना बरं का.

आता नकोसं वाटतं ते लिहिते. मागच्या चौदा एप्रिलला जयंतीची खीर खायला सगळे जमलेले, आणि तू तुझा डबल स्लिप दाखवत होतास. दोन लायनी कात्रीसारख्या एकमेकींना छेदतात आणि तिथेच गाडीला या लायनीवरून त्या लायनीवरही जाता येतं, असा तो सांधा. किती रविवार बसून तू रुळाचे बारीक तुकडे घासून तो केला होतास, मी पाहिलंय. दादांनी मालगाडी उचलून रुळांवर लावली, सोडली, आणि ती नेमकी तिथे घसरली. परत लावली, परत घसरली. चार लोकांदेखत ते तुला म्हणाले की तुझ्या कामात खोट आहे. तू मोजपट्टी लावून दाखवलंस, सगळं बरोबर होतं, तर म्हणाले, मला मोजमाप शिकवू नकोस. तुझा चेहरा उतरला. खीर न संपवता तू चपला घातल्यास. मी जिन्यापर्यंत आले, तू वळून बघितलं नाहीस. तुझा राग खरा होता. मी तुझ्या जागी असते तर दोन शब्द सुनावून गेले असते.

त्यानंतर आमच्या घरात कायमचा मेगाब्लॉक. पाटावर चादर घातली ती घातलीच. बिल्डिंगमधली पोरं विचारायची, काका, गाडी कधी सुरू? तर म्हणायचे, रुळांचं काम निघालंय. मला वाटलं, तुझ्यावाचून करमत नाही, पण ताठा मोडत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! बाकी माणूसही बदलला. जन्मभर इस्त्रीचा सदरा घालणारे, आता टी-शर्टवर आले. मी चिडवलं, म्हातारपणी हिरो व्हायचंय वाटतं. चहा अर्धाच कप मागायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा अर्धा. मी म्हणायची, एकदाच काय होतं घ्यायला? हसायचे नुसते. उजवा हात खिशात.

मग एका दुपारी ते बँकेत गेले असताना मी धूळ झटकायला चादर काढली आणि वाटलं, बघू तरी. तीच मालगाडी घेतली, एकेक वाघीण रुळांवर नीट बसवली, तुम्ही बसवायचात तशी बोट फिरवून, आणि सोडली. तुझ्या डबल स्लिपवरून गेली. या बाजूने गेली, त्या बाजूने गेली, मी जोरात सोडली तरी गेली. कुकर जळायची वेळ आली तोवर मी खेळत होते रे, आणि एकदाही घसरली नाही. टी-शर्ट, अर्धा कप, खिशातला हात, सगळं माझ्यासमोर आलं. तुझ्या सांध्यात खोट नव्हती, सलिल. गाडी रुळांवर ठेवतानाच चाकं सुटत होती. त्यांचा हात थरथरत होता.

ठाण्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितलाय. गोळ्या चालू आहेत, घाबरण्यासारखं आज काही नाही, पण सोल्डरिंग आता त्यांच्याच्याने व्हायचं नाही. कापायच्या आधी प्रत्येक रूळ कापाच्या दोन्ही बाजूंनी पक्का सोल्डर करावा लागतो, नाहीतर पुन्हा जुळत नाही, हे तूच मला कधीतरी समजावलेलंस. कापायचा नाही म्हणतात ते म्हणून. एकदा कापला की जोडणार कोण, हे त्यांना ठाऊक आहे. कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीय, सलिलला तर मुळीच नाही. ती मी आज मोडली. पण सकाळी चादर सरकवली तर पाटावर पेन्सिलची रेघ दिसली. कधी मारली कोण जाणे. फॅक्टरीत आयुष्यभर ड्रॉइंग काढलेल्या माणसाची रेघ, लहान मुलाने काढल्यासारखी वाकडीतिकडी. शेडजवळून निघते, यार्डातून सरळ येते, आणि मधे तुझा डबल स्लिप आला की अर्धगोल वळसा घालून त्याला सोडून पुढे जाते. सरळ कापणं सोपं होतं रे, पण त्यांना तुझं काम कापवेना. रविवारी ये. करवत घरात आहे, तुझं सोल्डरिंगचं सामान तेवढं घेऊन ये. मी बोलावलं म्हणू नकोस, खीर अर्धी राहिली होती म्हण.

वाट बघणारी, तुझीच
शालनवहिनी