अण्णांची बोट

१ तारीख, शनिवार, सकाळी
आजपासून शिस्त. अण्णा काल दादाकडून आपल्याकडे राहायला आले. २९ला परत जाणार. लढाईच्या काळात ते ज्या डिस्ट्रॉयर युद्धनौकेवर होते, तिचं मॉडेल किट मी मिळवलं आहे. जायच्या आत बोट तयार करून त्यांच्या हातात ठेवायची आणि वडिलांची एक शाबासकी घ्यायची. दादाला त्या उठसूट मिळत आल्या आहेत. मला एकदा मिळाली होती, पण तेव्हा अण्णांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता आणि मी त्यांना दादा वाटलो होतो.
माळ्यावर अर्धवट विमानं आहेत. ती मोजायची नाहीत. तो सराव होता.
कुणाला काही बोलायचं नाही. सरप्राइज.

१ तारीख, दुपारी
हिला सांगितलं. डायनिंग टेबल मागच्या खोलीत न्यायचं म्हटल्यावर सांगावंच लागलं. हिचं म्हणणं, टेबल ने, पण या वेळी निदान एक बाजू तरी पुरी कर. हिला विनोद चांगला जमतो.

४ तारीख, मंगळवार
सूचनांच्या कागदात प्रत्येक पायरीनंतर 'वाळू द्या' असं लिहिलं आहे. हे नवशिक्यांसाठी. मी पुढच्या तीन पायऱ्या आधीच केल्या. त्या आता एकमेकींना चिकटल्या आहेत.
एका तोफेची नळी चिमट्यातून उडाली. बायकोसकट सगळी खोली झाडून काढली, म्हणजे झाडली बायकोनेच. शेवटी ऑफिसात साहेबांना ती माझ्या कोपराला चिकटलेली दिसली. त्यांनी विचारलं, हे काय. तोफ, म्हणालो. त्यांनी फाइल परत घेतली.

९ तारीख, रविवार
रंग. दुकानदाराने राखाडीच्या इतक्या छटा दाखवल्या की डोकं गरगरलं. नेव्हीला नक्की कुठला लागतो, ते त्यालाही माहीत नव्हतं. अण्णांना असणार. पण सरप्राइज.
आज ते दोनदा दारापाशी आले. काय करतोयस, बसू का जरा इथे, असं विचारत होते. ऑफिसचं काम आहे म्हणालो आणि दार लावून घेतलं. फार राबवतात तुला, म्हणाले. बरं वाटलं.
रंग वाळेना. बसवेना. उठलो, गॅलरीत गेलो, आलो, अंगठा लावून पाहिला. ठसा उमटला. सही समजायची.

१२ तारीख, बुधवार
हिचा केस वाळवायचा ड्रायर घेतला. फक्त थोडा वेळ. फोन आला म्हणून तो बोटीखाली तसाच चालू ठेवून बाहेर गेलो. प्लॅस्टिक फारच हलक्या दर्जाचं निघालं. बोटीचं पोट खालून वितळून वाकलं. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, अंगण खरोखरच वाकडं आहे, ये आणि बघ. ती आली, बघितलं आणि ड्रायर घेऊन गेली.

१३ तारीख, गुरुवार, पहाटे
सुचलं! जाणकार लोक वॉटरलाइन मॉडेल करतात. म्हणजे पाण्याखालचा भाग कापून टाकायचा आणि बोट समुद्रात तरंगताना दाखवायची. तो भाग तसाही कोण बघतो? करवतीने कापला. कचऱ्याची गाडी आलीच होती, तिच्यात टाकला. घाण गेली. आता मन कसं हलकं झालं आहे.

२० तारीख, गुरुवार
पुठ्ठ्यावर, भिंतीच्या भेगा बुजवतात त्या लांबीचा समुद्र केला. हिने विचारलं, बोट साबणाच्या पाण्यात का आहे. लाटांवर फेस असतो, हे तिला माहीत नाही.
किटमध्ये खलाशीही आहेत, तांदळाएवढे. त्यातला एक अण्णा. कुठे उभं करावं? पुढच्या मोठ्या तोफेपाशी, छाती काढून. विचारून घ्यावं असं क्षणभर वाटलं. पण शोभेल तेच खरं.

२७ तारीख, गुरुवार
झाली. आयुष्यातली पहिली पूर्ण झालेली वस्तू. डोलकाठी दोनदा पडली, आता पडणार नाही, बरणीभर गोंद आहे. डावीकडे जरा कलते, पण वळताना बोट कलतेच.
दादाला फोनवर सांगितलं. आरंभशूराने शेवट केला म्हणायचा, म्हणाला. जळतो.

२८ तारीख, शुक्रवार, संध्याकाळी
दिली.
अण्णांनी भिंग मागितलं. तोफेपाशी उभ्या खलाशाकडे बोट दाखवून मी म्हणालो, हे तुम्ही. ते फार वेळ बघत राहिले. मी मनात म्हटलं, आली शाबासकी. मग त्यांनी बोट उचलून उलटी केली. खाली पुठ्ठा.
"खालचा भाग कुठंय?"
तो समुद्रात आहे, मी सांगितलं. अशी पद्धत असते.
"मी तिथंच होतो रे. बॉयलरपाशी. तोफांकडे आम्हाला कोण जाऊ देतंय?"
ही दारात उभी होती, ती आत निघून गेली. मी वॉटरलाइनबद्दल बरंच बोललो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.
"विचारलं असतंस तर सांगितलं असतं," म्हणाले. रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

२९ तारीख, शनिवार
दादा न्यायला आला. बोट बघून म्हणाला, अण्णा तर खाली असायचे ना? म्हणजे त्याला ठाऊक होतं.
अण्णांनी बोट नेली नाही. तुझ्याकडेच राहू दे, दादाकडे ठेवायला जागा नाही, म्हणाले. दादाकडे काचेचं मोठं कपाट आहे, रिकामं. मला फार वाईट वाटलं.
निघताना त्यांची मोठी बॅग जिन्यावरून खाली न्यायची होती. एका बाजूने दादाने धरली, दुसऱ्या बाजूने मी. खाली टेकवल्यावर अण्णा म्हणाले, "शाब्बास."
कुणाला म्हणाले, ते विचारायचं धाडस झालं नाही.