शेवंती घोडी कोणाच्या हाती द्यावी

मी, श्रीमती मोतीबाई सखाराम घारे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार मौजे साळवडी, कशेळ्याजवळ, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाचे मात्र काही खरे नाही, असे तेच डॉक्टर म्हणाले. माझ्यावर दबाव आणण्याचा प्रयत्न झाला, तो कोणी केला हे दुसऱ्या कलमात आहे. वकीलसाहेबांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात शेवंतीला "जंगम मालमत्ता, नग एक" असे लिहिले होते. तो बाजूला ठेवून मी माझ्या शब्दांत लिहिते.

१. राहते घर, पडवी व मागचा गोठा माझा मुलगा हर्षद यास द्यावा. तो एकुलता एक आहे, दुसरा असता तर विचार केला असता. सोन्याच्या पाटल्या सून रुचिता हिला द्याव्यात. मी झोपले आहे असे समजून तिने त्या कपाटातून काढून घालून पाहिल्या आहेत, त्यामुळे मापाची अडचण येऊ नये.

२. माझी घोडी शेवंती हर्षदला देऊ नये. घर मिळाले म्हणजे घोडीही ओघाने आपलीच, असे त्याने धरून चालू नये. कारण लिहिते, कारण विचारायला पुष्कळ जण येतील.

आमच्याकडे घोडे माथेरानवर चालवायचे ते पुरुषांनी. पाहुण्यांना पॉइंट दाखवायचे आणि संध्याकाळी मोठेपणा सांगायचा. शिंगरू शिकवायचे काम खाली, अंगणात, आम्हा बायकांचे. लांब दोरीवर घोडा गोल फिरवणे, याला आम्ही कावा देणे म्हणतो. मधे उभे राहून घोड्याबरोबर आपणही वळायचे, त्याच्या किंचित मागे राहायचे, दोर जमिनीला लागू द्यायचा नाही आणि ताणायचाही नाही. चाबूक असतो तो दाखवण्यापुरता. डावीकडून जेवढे झाले तेवढेच उजवीकडून. माझ्या रिंगणात भाताच्या गिरणीवरचे तूस पसरलेले आहे, म्हणजे गुडघ्यांना हिसका बसत नाही.

दिवाळीनंतर हर्षदने कशेळे रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवाल्या शेठला शब्द दिला की घोडी तयार करून देतो, सुट्टीच्या दिवशी मुले बसवायला. मी म्हटले, शिकव. त्याने शेवंतीला खळ्यातल्या तिवड्याला बांधले, म्हणजे मळणीचे बैल ज्या खांबाभोवती फिरतात त्याला. मागून एक फटका मारला आणि स्वतः आंब्याखाली मोबाईल घेऊन बसला. दोर खांबाला गुंडाळत गेला, फेरा लहान लहान होत गेला, शेवटी घोडीची मान खांबाला चिकटली आणि ती जागच्या जागी लाथा झाडू लागली. मी धावत जाऊन कोयत्याने दोर तोडला. गुडघ्याचे कातडे सोलले होते. हर्षद म्हणाला, "आई, बैल फिरतात ना असेच? मग हिलाच काय धाड भरली?"

मला किळस आली. आजही हे लिहिताना येते. घोडीने माणसाकडे बघून चालायचे असते, खांबाकडे बघून ती काय शिकणार? आणि माझ्या पोटचा पोरगा, ज्याने लहानपणापासून माझ्या हातात दोर पाहिला, त्याला एवढे कळू नये. रुचिता म्हणाली, "आता मशीन मिळतं त्यासाठी, ऑनलाइन बघू." 

तेव्हापासून रोज "आई, विक्रीच्या कागदावर सही कर, शेठ थांबलेत" चालू आहे. दबाव तो हाच. शेठ स्वतः येऊन गेला. घोडीचे नाव बदलून प्रिन्सेस ठेवू म्हणाला आणि तिच्या तोंडाला क्रीमचे बिस्किट लावले. त्यालाही देऊ नये.

३. शेवंती माझी धाकटी जाऊ जना दत्ता घारे हिला द्यावी.

हे लिहिताना तोंड कडू झाले आहे. जनाशी मी वीस वर्षे बोलत नाही. माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा सगळ्या भावकीसमोर ती म्हणाली, "मोतीबायला वाईच लांब न्या रं. तिचं त्वांड चालू हाय तवर भावोजी येयाचं नाय." मला लांब नेले आणि कावळा शिवला. हे मी विसरलेले नाही, आणि ते कागदावर राहावे अशी माझी इच्छा आहे.

पण मार्चमध्ये मला इस्पितळात ठेवले होते. सोडल्यावर टमटममधून उतरले तर रिंगणात जना. नऊवारीचा काष्टा घातलेला, हातात दोर, आणि शेवंती तिच्याभोवती दुडक्या चालीने चाललेली, एक कान जनाकडे. तिवड्याच्या प्रकारानंतर घोडी उजवीकडे जायला घाबरत असे. जना तिला उजवीकडेच फिरवत होती. दोर जसा हवा तसा होता. मला खोट काढता येईना, याचाही राग आला.

मला पाहून जना घोडीला म्हणाली, "शेवंते, मालकीन आली गं तुजी. आता चूक काढंल बघ."

मीही घोडीलाच म्हणाले, "तिला सांग, फेरा आजून मोठा पायजे."

"सांग तिला, मोठाच करीत व्हते. तवर हिची टमटम आली मदी."

तेव्हापासून आमचे रोज बोलणे होते, पण घोडीशी.

४. रिंगणाची जागा जना जिवंत असेपर्यंत तिच्या वापरात राहावी. रुचिताने तिथे स्विमिंग पूलसाठी टेप लावून माप घेतले आहे, ते तिने विसरावे. मी गेल्यावर त्याच दिवशी, रडारड आटोपायची वाट न पाहता, घोडी तोंडाच्या मोहरकीला धरून जनाच्या दारात नेऊन सोडावी. हे काम दुकानदार पोपट म्हसे यांनी करावे. हर्षदने दोराला हात लावू नये. खळ्यातला तिवडा उपटून माझ्या सरणावर घालावा. लाकूड चांगले वाळलेले आहे.

५. घेणाऱ्याची संमती लागते का, असे मी वकिलांना विचारले. लागत नाही म्हणाले. तरी विचारावेसे वाटले. आज सकाळी शेवंतीला खरारा करताना मी तिला म्हणाले, "जनीला सांग, मी गेले की तू तिची."

जना दोराची गुंडाळी करीत होती. तिचा हात थांबला. घोडीकडे न बघता ती सरळ माझ्याकडे वळली.

"बाय," ती म्हणाली, "येवढ्या वर्सांनी बोलाया लागलीस, ती मरायचं सांगाया?"

 मी खरारा खाली ठेवला आणि म्हणाले, "जने, दोर आन इकडं."

तिने आणला.

वरील सर्व मी पुन्हा वाचून पाहिले, त्यात खाडाखोड नाही. जनाला घोडी जाणार असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही घेतलेली नाही. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

लिहून ठेवणार : मोतीबाई सखाराम घारे

साक्षीदार :
पोपट लडकू म्हसे, किराणा दुकानदार
अंबूबाई रोहिदास उघडे, शेजारीण

ठिकाण : मौजे साळवडी, तालुका कर्जत
दिनांक : ११ मे २०२५