तू पाठवलेला कार्ब्युरेटर

प्रिय दादा,

हे पत्र दूधवाल्या काकांच्या जावयाच्या हाती देतेय. तो उद्या सकाळी तुझ्याकडेच निघालाय, तेव्हा पोस्टाची वाट बघायला नको. फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू गॅरेजच्या खडखडाटात 'हां, बोल, ऐकतोय' म्हणतोस आणि काडीचंही ऐकत नसतोस. इकडे बाबा पेपर समोर धरून, कान टवकारून बसलेले असतात. परवा तर पेपर उलटा होता. त्यामुळे हे सगळं लिहूनच कळवायचं ठरवलं. कृपा करून शेवटपर्यंत वाच, अर्ध्यावर खिशात कोंबू नकोस.

आधी तुझ्या पार्सलचं सांगते. बाबांनी ते कात्री न लावता सोडलं. तू मारलेल्या गाठी नखांनी सोडवत बसले आणि आई ताट वाढून ताटकळली. आतून तो चकचकीत कार्ब्युरेटर निघाला आणि आमचं जेवणाचं टेबल गेलं. दोन आठवडे तो तिथेच, पाण्याच्या तांब्याशेजारी. जो येईल त्याला दर्शन. रोज आपल्या होडीने पलीकडे शाळेत जाणाऱ्या हेडबाई शाळेच्या वर्गणीची पावती फाडायला दारात उभ्या होत्या, तर त्यांनाही आत बोलावलं. 'मुलानं पाठवलाय. रेसच्या गाड्यांना असाच लावतात.' बाई म्हणाल्या, 'अरे वा, म्हणजे आता मी शाळेत मुलांच्या आधी पोचणार तर!' बाबांना ती थट्टा कळलीच नाही. त्यांनी गंभीरपणे 'हो' म्हणून मान हलवली.

मग बसवायचा घाट. त्याचं तोंड आपल्या इंजिनाला मोठं, बोल्टांची भोकं भलतीकडे. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला 'आहे त्यात भागतंय ना?' हेच उत्तर दिलं, तो माणूस दोघांना जोडणारी मधली पट्टी घरी कापून, कानशीने घासून, तयार करत बसला. ॲल्युमिनियमचा कीस चादरीपर्यंत आला. आईने पहिल्यांदा समजावलं, मग ओरडली आणि शेवटी ती चादर उचलून त्यांच्याच अंथरुणावर घातली.

खोटं बोलणार नाही, पहिल्या दिवशी होडी उडाली. रिकामी होडी, पूर्ण उघडलेला थ्रॉटल, ओहोटीचं पाणी. बाबांची टोपी वाऱ्याने गेली आणि ते हसत सुटले. टोपी शोधायला वळलेसुद्धा नाहीत. धक्क्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी तुला फोन लावून दिला होता ना मी, आणि बाबा नुसतं 'चांगला आहे' एवढंच बोलून फोन आईकडे देऊन मोकळे झाले? ते 'चांगला आहे' म्हणायला ते सकाळपासून तयारी करत होते.

पण दादा, आपली होडी रिकामी आणि पूर्ण वेगात कधी धावते? तू इथे वाढलास, तुला हे मी सांगायचं? माणसं, सायकली, दुधाचे कॅन, वर एखादी पाय बांधलेली शेळी, एवढं घेऊन ती धक्क्यावरून हळूच सुटते आणि निम्म्या थ्रॉटलवर धारेविरुद्ध जाते. तिथेच तुझा पाहुणा खोकायला लागतो. घशापेक्षा तोंड मोठं झालंय. हवा भसाभस येते, तिला जोर नसतो, मग पेट्रोल नीट मिसळत नाही. इंजिन धक्क्यापाशी हळू केलं की बंद. परत सुरू करावं तर गुदमरतं. दूधवाले काका रोज विचारतात, 'काय हो, होडीला दमा झालाय का? काढा पाजा जरा.' बाबांचं उत्तर ठरलेलं, 'नवा आहे. रुळेल.' नव्या सुनेबद्दल बोलावं तसं.

खोकला एक वेळ सोसला असता. पण तुला एक गोष्ट सुचली कशी नाही, याचा मला राग राग येतो. हा गाडीचा कार्ब्युरेटर आहे. पेट्रोल जास्त झालं की बाहेर ओघळतो. गाडीत ते रस्त्यावर पडतं आणि उडून जातं. गाडीच्या खाली रस्ता असतो रे, होडीच्या खाली होडीच असते! ते पेट्रोल सरळ तिच्या पोटात साचतं, वर इंजिनाची पेटी झाकलेली आणि पेटीवर माणसं बसलेली. आपला जुना कार्ब्युरेटर दिसायला कळकट असेल, पण जास्तीचं पेट्रोल स्वतःच्याच घशात परत घेतो. शिवाय भडका उडाला तर ज्योत बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या तोंडावर जाळी असते. ती जाळी तुझ्या कार्ब्युरेटरवर बसत नाही. बाबांनी ती खिळ्याला टांगून ठेवलीय. पाठवण्याआधी मला एक फोन केला असतास! पण इंजिनाचं धाकटीला काय विचारायचं, असं तुला वाटलं असणार. तू गेल्यापासून ते इंजिन कोण उघडतं, कोण पुसतं, असं तुला वाटतं? आई?

मी गप्प बसले नाही. बाबा दाढ काढायला गेले त्या दुपारी मी तुझा उतरवला आणि जुना चढवला. काय गुणी चालली होडी! हेडबाई म्हणाल्या, 'आज बरं वाटतंय हो हिला.' बाबा परतले ते एका गालाला रुमाल लावून, धक्क्याच्या वरच्या रस्त्याने. होडी अजून मधल्या पाण्यात होती. नुसता आवाज ऐकून ते जागच्या जागी थांबले. मी काठाला लागले तेव्हा चिडले नाहीत, बोलले नाहीत. बोलताच येत नव्हतं म्हणा, तोंडात कापूस होता. हात पुढे करून पाना मागितला आणि सुजलेला गाल घेऊन तिथेच बसून तुझा कार्ब्युरेटर परत चढवला. मी इतकी वैतागले की घरी चालत गेले.

आणि मग कालची गोष्ट. भर पाण्यात इंजिन गुदमरून बंद पडलं. होडी धारेबरोबर रेल्वेच्या पुलाच्या खांबाकडे निघाली. बाबांनी वल्हं घेतलं, मी पेटी उघडली. वासाने डोळ्यांत पाणी आलं. तळाच्या पाण्यावर पेट्रोलचा रंगीत थर हलत होता. आणि माझ्या शेजारी बसलेला, नवीनच कोणी प्रवासी, वैतागून खिशातून सिगरेट काढून काडी पेटवायच्या बेतात. मी त्याच्या हातावर अशी चापट मारली की काडेपेटी पाण्यात गेली. त्याने मला नाही नाही ते ऐकवलं. 'बाई माणसाच्या हाती होडी दिली की असंच व्हायचं' हेही. मला त्याचं काही वाटलं नाही. मी बाबांकडे बघत होते. त्यांनी वल्हं मारता मारता पेटीत पाहिलं होतं. वासही त्यांना आलाच होता. त्यांचं नाक अजून शाबूत आहे.

सगळे उतरल्यावर ते खाली वाकून चिंध्यांनी पेट्रोल टिपायला लागले. मला वाटलं, आता तरी काढतील. तर म्हणे, 'आतला फ्लोट जरा खाली करून बघू, पेट्रोल कमी येईल.' मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, 'बाबा, माणसं जळतील! एका लोखंडाच्या तुकड्यापायी?' ते चिंधी पिळत राहिले. म्हणाले, 'तो जायला निघाला तेव्हा म्हणाला होता, माझं काम एकदा बघायला तरी या. मी म्हटलं, मला चाकांचं काय करायचंय. आता त्याने स्वतःच्या हाताने काम पाठवलंय. ते पण काढून कोपऱ्यात टाकू? मग तो पुन्हा काही पाठवेल का?'

आता सांग, यावर मी काय बोलायचं? तू तिकडे तोंड फुगवून आईशी तेवढं बोलणार, बाबा इकडे इंजिनाच्या आडून तुझ्याशी बोलणार, आणि दोघांच्या मध्ये पेट्रोलवर बसणार कोण, तर मी आणि हेडबाई. मी समजावून ते ऐकणार नाहीत, इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी सांगूनही ऐकलं नाही. 'काढा' हे फक्त तू म्हणू शकतोस. म्हणून हे पत्र. जावई पोचला की लगेच फोन कर. आईला मागू नकोस, बाबांनाच माग. म्हण, 'बाबा, माझा अंदाज चुकला, हा होडीचा नाही, काढून ठेवा. मी येतो, आपण दोघं मिळून होडीचा बघू.' आणि नुसतं म्हणू नकोस, ये. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव. तोवर होडी धक्क्याला बांधलेली आहे आणि इंजिनाची किल्ली मी लपवलीय. सकाळपासून बाबा ती शोधतायत. 'कुठे गेली असेल गं?' म्हणून मलाच विचारतात आणि मीही त्यांच्याबरोबर कपाटाखाली वाकून बघते. माझं तोंड बघून आईला कळलंय, ती मुद्दाम पाठमोरी उभी राहते. पण लवकर कर दादा, ते आता स्वयंपाकघरात शिरलेत आणि एकेक डबा खाली उतरवतायत.

तुझीच, इंजिनाचं सगळं कळणारी
धाकटी